कृष्णवर्णीय विद्यार्थी नियतकालिके आणि अस्मितेचा प्रश्न

अमेरिकेतील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या नियतकालिकांचा उल्लेख समीक्षेत बहुधा एखाद्या थोर लेखकाच्या उमेदवारीचे ठिकाण म्हणूनच येतो. झोरा नील हर्स्टन यांची कथा १९२१ साली हॉवर्ड विद्यापीठाच्या ‘द स्टायलस’मध्ये प्रसिद्ध झाली, एवढे नोंदवून अभ्यासक पुढे जातात. त्याच हर्स्टन यांनी १९२४ मध्ये लुई यूजीन किंग यांच्यासह ‘द हिलटॉप’ हे विद्यार्थ्यांचे वृत्तपत्र सुरू केले, याला मात्र तळटीपेइतकेच स्थान मिळते. ही दृष्टी अपुरी आहे. लेखक घडणे हे या नियतकालिकांचे आनुषंगिक फळ होय. संस्थेच्या आवारात ‘आम्ही कोण’ हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा त्यांचा खरा विषय.

नॅशव्हिल येथील फिस्क विद्यापीठ कृष्णवर्णीयांसाठी होते, पण १९२० च्या दशकात त्याचे अध्यक्ष गोरे होते. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी विद्यार्थिदशेत संपादिलेले ‘फिस्क हेरल्ड’ अध्यक्ष फेयेट मॅकेन्झी यांनी बंद केले. विद्यार्थी-मंडळही बरखास्त झाले. गोऱ्या देणगीदारांपुढे आज्ञाधारक विद्यार्थी उभा करण्याची ही धडपड होती, असा आक्षेप तेव्हाच घेतला गेला. ड्यू बॉइस यांनी १९२४ मध्ये फिस्कमध्येच येऊन जाहीर टीका केली आणि १९२५ च्या विद्यार्थी-संपानंतर मॅकेन्झींना पायउतार व्हावे लागले.

येथवर न्याय कोणत्या बाजूस हे सांगणे सोपे आहे. नॉर्थ कॅरोलिना सेंट्रल विद्यापीठाच्या ‘कॅम्पस एको’चे प्रकरण तसे नाही, म्हणूनच ते अधिक विचारणीय ठरते. १९७१ साली या पत्राने विद्यापीठातील वाढत्या गोऱ्या प्रवेशांना उघड विरोध केला. अध्यक्ष अल्बर्ट व्हायटिंग स्वतः कृष्णवर्णीय. त्यांनी पत्राचा निधी थांबविला. १९७३ मध्ये संघीय अपील न्यायालयाने निर्णय दिला, की मजकूर अमान्य आहे म्हणून निधी रोखता येणार नाही. मात्र संपादकवर्ग निवडताना व जाहिराती स्वीकारताना वर्णभेद करता येणार नाही. हा निकाल केवळ मुद्रणस्वातंत्र्याचा विजय म्हणून वाचला जातो. वस्तुतः त्याने अस्मितेचे दोन भाग पाडले: ती उच्चारता येईल, पण प्रवेशद्वारावर राखणदार म्हणून उभी करता येणार नाही. आपली एकमेव संस्था विलीन होईल ही भीती गोऱ्यांच्या वर्णविद्वेषाहून निराळीच. तरीही त्या भीतीतून जन्मलेल्या बहिष्काराला बहिष्कारच म्हटले पाहिजे. सहानुभूतीपोटी येथे समीक्षक अनेकदा गप्प बसतात.

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९६८ पासून निघणाऱ्या ‘नोमो’पुढील प्रश्न याच्या उलट. तेथे संस्था गमावण्याचे भय नव्हते. संस्था आपली कधी नव्हतीच.

मराठी वाचकाला येथे १९६८ चेच ‘अस्मितादर्श’ आठवणे साहजिक आहे. कृष्णवर्णीय साहित्याशी मराठी दलित साहित्याचे नाते जाणीवपूर्वक जोडले गेले, हेही खरे. परंतु ही तुलना जपून करावयास हवी. ‘अस्मितादर्श’मागे प्रा. गंगाधर पानतावणे यांची दीर्घकाळाची एकहाती संपादकीय दृष्टी होती. विद्यार्थी-पत्राचा संपादक पदवी मिळताच निघून जातो, आणि पुढील जूनमध्ये नव्हे, तर तेथील सप्टेंबरमध्ये येणारा नवा संपादक ‘आम्ही’ या शब्दाचा अर्थ पुन्हा पहिल्यापासून लावू लागतो.