मोडलेल्या माणसाची सही

‘मोडेन पण वाकणार नाही’ या म्हणीचा आपल्याकडे मोठा लौकिक आहे. चरित्रनायकाने छळ सोसावा, पण शब्द मागे घेऊ नये, अशी आपली अपेक्षा असते. हंगेरीचे कार्डिनल योझेफ मिंदसेंती यांच्या १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या आठवणी मी इंग्रजी अनुवादातून वाचल्या, तेव्हा या अपेक्षेलाच धक्का बसला.

त्यांचे मूळ आडनाव पेम. हंगेरीत जर्मन वर्चस्व वाढत असता १९४२ साली त्यांनी हे जर्मन वळणाचे नाव टाकले आणि जन्मगावावरून मिंदसेंती हे नाव घेतले. दोन भाषांच्या प्रदेशात राहणाऱ्या वाचकाला या कृतीचा अर्थ समजावून सांगायला नको. १९४४ मध्ये नाझींच्या हंगेरियन साथीदारांनी त्यांना कैद केले. २६ डिसेंबर १९४८ रोजी कम्युनिस्ट राजवटीने. फेब्रुवारी १९४९ मध्ये त्यांना जन्मठेप झाली.

ग्रंथाचा गाभा म्हणजे बुडापेस्टमधील आंद्राशी मार्गावरच्या कोठडीची प्रकरणे. रबरी दंडुका, झोपेवाचून काढलेल्या रात्री आणि अखेर कबुलीजबाबावर सही. हे सारे लेखक कोणत्याही अलंकाराविना सांगतो. सहीपुढे त्यांनी ‘सी. एफ.’ ही अक्षरे लिहिली. लॅटिन भाषेत ‘कोआक्तुस फेची’, म्हणजे ‘बळजबरीने केले’. आपण कबुली दिलीच तर ती मानवी दुर्बलता समजावी, असे त्यांनी अटकेपूर्वीच लिहून ठेवले होते.

याच प्रकरणावरून सुचलेल्या ‘द प्रिझनर’ (१९५५) या चित्रपटात अ‍ॅलेक गिनेस यांनी रंगवलेला कार्डिनल मनातल्या जुन्या शल्यामुळे खचतो. नाट्य प्रभावी आहे. तरी मला ग्रंथच अधिक खरा वाटतो. शरीर थकले की थोर माणूसही मोडतो, एवढेच तो सांगतो.

दोषही नोंदवले पाहिजेत. चर्चच्या अफाट जमिनी, राजेशाहीविषयीची स्वतःची ओढ यांबाबत लेखक आत्मपरीक्षण करीत नाही. त्यामुळे राजकीय प्रकरणे एकसुरी होतात.

शेवट मात्र विलक्षण आहे. १९५६ च्या उठावानंतर १५ वर्षे अमेरिकन वकिलातीत आश्रय घेऊन १९७१ मध्ये ते देशाबाहेर पडले. पुढे पोप सहावे पॉल यांनी पदाचा राजीनामा मागितला. त्यांनी तो दिला नाही. १९७४ मध्ये पद रिक्त झाल्याचे जाहीर झाले, तेव्हा आपण राजीनामा दिलेला नाही, हे त्यांनी जगाला कळवले. मारापुढे सही करणाऱ्या माणसाने विनंतीपुढे सही केली नाही. मोडलेला माणूस पुन्हा उभा राहू शकतो, हे आपल्या म्हणीत नाही; या ग्रंथात आहे.