रुमानियन शब्दांची मोजदाद

रुमानियन शब्दसंग्रहाविषयीचा एक जुना वाद व्युत्पत्तीच्या अभ्यासकाने मुद्दाम तपासावा असा आहे. आलेक्सांद्रु चिहाक याने आपला व्युत्पत्तिकोश १८७० व १८७९ साली दोन भागांत प्रसिद्ध केला. त्याच्या गणनेत लॅटिनोद्भव शब्द सुमारे एक पंचमांश भरले, स्लाव्ह शब्द सुमारे दोन पंचमांश. स्वतःस रोमचे वारस म्हणविणाऱ्या राष्ट्रास हा निष्कर्ष झोंबला यात नवल नाही. त्याच दशकात लौरियान व मासिम या कोशकारांनी परकीय ठरविलेले शब्द मुख्य कोशातून काढून वेगळ्या शब्दावलीत टाकले होते. एकीकडे हकालपट्टी, दुसरीकडे नुसती शिरगणती!

हास्देऊने चिहाकला दिलेले उत्तर या दोहोंहून सरस आहे. कोशात शब्द किती, यापेक्षा ते बोलण्यात किती वेळा फिरतात हे पाहावे, असे त्याचे म्हणणे. केवळ लॅटिनोद्भव शब्दांनी रुमानियन वाक्य रचता येते, केवळ स्लाव्ह शब्दांनी येत नाही. ‘कास’ (घर), ‘लाप्ते’ (दूध), ‘आप’ (पाणी) हे सारे लॅटिनच. (‘आप’चे संस्कृत शब्दाशी दिसणारे साम्य फसवे आहे, तो लॅटिन ‘आक्वा’पासून ध्वनिपरिवर्तनाने झाला.)

पद्धत म्हणून हा विचार ग्राह्यच. तथापि वारंवारता शब्दाचा वापर सांगते, इतिहास सांगत नाही. प्रेम करणे या अर्थाचे ‘युबी’ हे क्रियापद स्लाव्ह आहे. होकाराचा ‘दा’ही सामान्यतः स्लाव्हच मानला जातो. म्हणजे उसने शब्द उंबरठ्याबाहेर राहिलेले नाहीत. आणि जे लॅटिन, तेही जसेच्या तसे कोठे उरले? ‘पमिन्त’ म्हणजे भूमी. मूळ लॅटिन शब्द फरसबंदीचा वाचक. ‘बत्रिन’ म्हणजे वृद्ध; मूळ अर्थ मुरलेला सैनिक. ‘इनिम’ म्हणजे हृदय. मूळ ‘आनिमा’ म्हणजे प्राण. ‘कुविन्त’ म्हणजे शब्द. मुळात मात्र एकत्र येणे, ठराव. एवढी स्थित्यंतरे चिहाकच्या तक्त्यात ‘लॅटिन’ या एकाच रकान्यात गडप होतात, आणि हास्देऊच्या निकषालाही ती दिसत नाहीत.

तुर्कीतून आलेले ‘चोर्ब’, ‘पेर्द्या’, ‘दुश्मान’ मराठी वाचकास ओळखीचे वाटतील. शोरबा, पडदा, दुश्मन हे त्यांचेच फारसी सोयरे. ‘मुसाफिर’ अधिक बोधप्रद आहे. मराठीत तो प्रवासी, रुमानियनमध्ये पाहुणा. अर्थाचा हा पालट तुर्कीतच झालेला होता. रुमानियनने शब्द त्या अर्थासह उचलला. केवळ ‘मूळ अरबी’ अशी नोंद करणारा कोशकार नेमका हा टप्पा गाळतो.

चीज या अर्थाचा ‘ब्रिन्झ’ हा शब्द तर कोणत्याच रकान्यात निश्चितपणे बसत नाही. त्याची व्युत्पत्ती अद्याप वादग्रस्त आहे. कार्पेथियन पर्वतांतील मेंढपाळांबरोबर तो स्लोव्हाक व पोलिश भाषांत मात्र केव्हाच पोचला.