सामर्थ्याची बेरीज : 'टर्मिनेटर ३'मधील प्रतिनायिका

दण्डीने 'काव्यादर्शा'त नायकाचा उत्कर्ष साधण्याचे दोन मार्ग सांगितले आहेत. एकात नायकाचे गुण आधी वर्णून मग त्याच्याकरवी शत्रूचे निराकरण घडवायचे. दुसऱ्यात शत्रूचाही वंश, वीर्य, विद्या इत्यादी वर्णून त्याच्यावरील विजयातून नायकाची थोरवी दाखवायची. हा दुसरा मार्गही दण्डीला आनंद देतो. हॉलिवूडच्या विज्ञानपटांचे उत्तरभाग बहुधा याच वाटेने जातात. मात्र दण्डीच्या यादीतील वीर्य तेवढे उचलून ते बाकीचे गाळतात. जोनाथन मोस्टो दिग्दर्शित 'टर्मिनेटर ३ : राइज ऑफ द मशिन्स' (२००३) या चित्रपटातील टी-एक्स ही प्रतिनायिका या दृष्टीने तपासण्याजोगी आहे.

टी-एक्स निष्प्रभ ठरते, याचे खापर सामान्यतः क्रिस्टाना लोकेन या अभिनेत्रीवर किंवा जेम्स कॅमरूनच्या अनुपस्थितीवर फोडले जाते. ही दोन्ही स्पष्टीकरणे अपुरी आहेत. दोष संहितेच्या रचनेत आहे.

कॅमरूनच्या 'टर्मिनेटर २ : जजमेंट डे' (१९९१) मधील टी-१००० द्रवरूप धातूचा आहे. त्याचे हे अरूपत्व ही केवळ तांत्रिक करामत नव्हे. पहिल्या चित्रपटातील (१९८४) संहारक यंत्रच येथे रक्षक झाले आहे आणि ते एका मुलाकडून माणसाच्या जिवाचे मोल शिकते आहे. त्याच्यासमोर उभा आहे तो माणसाचे केवळ बाह्यरूप निर्दोषपणे उचलणारा. यातील एक आतून माणसाकडे सरकतो आणि दुसरा माणूसपणाची निव्वळ कात पांघरतो. शिवाय टी-१००० चे नेहमीचे रूप पोलिसाचे आहे. चित्रपट प्रदर्शित झाला त्याच वर्षी, मार्चमध्ये, लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी रॉडनी किंग याला केलेली मारहाण चित्रफितीवरून अमेरिकाभर पाहिली गेली होती. गणवेशातला तो सौजन्याने चौकशी करणारा तरुण अमेरिकी प्रेक्षकाला भयावह वाटण्यासाठी त्याच्या हाती तोफ असण्याची गरज नव्हती. मनोरुग्णालयातील दृश्यात त्याचे शरीर गजांमधून आरपार जाते, हातातले पिस्तूल मात्र अडते. तो मनगट किंचित वळवून ते सोडवून घेतो. एवढ्याशा हालचालीतून एका परक्या अस्तित्वाचे भौतिक नियम प्रेक्षकाला कळतात. कोणी ते समजावून सांगावे लागत नाहीत.

टी-एक्सच्या बाबतीत नेमके समजावून सांगावे लागते. तिच्या द्रवरूप आवरणाखाली घन सांगाडा आहे, हातात प्लाझ्मा-अस्त्र आहे, ती इतर यंत्रांना वश करते, इतर टर्मिनेटरांचा नाश करण्यासाठीच ती घडवलेली आहे. यांतील बरीचशी माहिती नायकाच्या, म्हणजे श्वार्झनेगरच्या यंत्राच्या तोंडून येते. या बेरजेत एक वजाबाकी दडलेली आहे. आत सांगाडा आला की अरूपत्व संपते आणि त्यासोबत ते भयही ओसरते. स्त्रीरूपाचे काय करावे हेही संहितेला उमगलेले नाही. पोलिसाने गाडी अडवताच अंतर्वस्त्रांच्या जाहिरातफलकाकडे पाहून ती आपली छाती फुगवते. अनुकरणाचे जे तत्त्व आधीच्या चित्रपटात भयाचे मूळ होते, ते येथे थिल्लर विनोदापुरते उरते. (या प्रसंगाला सिनेमागृहात हशा मिळावा अशीच योजना आहे.)

तिच्या रूपांतराला खरा अर्थ लाभू शकेल असा प्रसंग चित्रपटात आहे. केट ब्रूस्टरचे रूप घेऊन ती केटच्या वडिलांवर, जनरल ब्रूस्टरवर गोळ्या झाडते. मुलीच्या चेहऱ्याने बापाला मारणे ही शोकात्म शक्यता होती. पण दिग्दर्शकाला पुढच्या धुमश्चक्रीची घाई आहे आणि क्षण हातचा निसटतो. त्याहून महत्त्वाचे असे की तोवर जनरलने स्कायनेट कार्यान्वित केलेले असते. होऊ नये ते होऊन गेले आहे, आणि त्यासाठी टी-एक्सच्या गोळीची आवश्यकता नव्हती.

मूळ अडचण इथेच आहे. 'टर्मिनेटर ३'चे आशयसूत्र अटळतेचे आहे. लष्कर ज्या विषाणूचा नायनाट करण्यासाठी स्कायनेटला मोकळे सोडते, तो विषाणू म्हणजे स्कायनेटच असते. ते जगभरच्या संगणकांत पसरलेले आहे, त्याला केंद्र नाही, चेहरा नाही, वैरभावही नाही. हा आधीच्या दोन्ही चित्रपटांपेक्षा अधिक प्रौढ आणि अधिक निराश विचार आहे. अशा विचाराला प्रतिनायक देहधारी असून चालत नाही. पण उत्तरभागाच्या संकेतानुसार पाठलाग हवा, आणि पाठलागासाठी पाठलाग करणारी हवी. म्हणून टी-एक्स आली. ती आशयातून उद्भवलेली नाही. तिला आशयावर बसवले आहे.

या चित्रपटातील खलत्वाचा सर्वांत तीव्र प्रत्यय तिच्या अनुपस्थितीत यावा, हे म्हणूनच स्वाभाविक वाटते. तिने वश केलेले रक्षक यंत्र जॉनला मारायला निघते, स्वतःशीच झगडते, मोटारीवर मुठी आपटत राहते आणि अखेर स्वतःला बंद करून घेते. शत्रू तेथे नायकाच्या देहात आहे. संहिता या दिशेने जाऊ शकली असती. तिने ती पाच मिनिटांत सोडून दिली.

शेवटी रक्षक आपली इंधनपेटी टी-एक्सच्या मुखात कोंबतो आणि दोघांचाही स्फोटात नाश होतो. जॉन आणि केट क्रिस्टल पीकच्या भूगर्भात पोचतात. तेथे स्कायनेटचे केंद्र नसून जुने आश्रयस्थान आहे. वर अण्वस्त्रे सुटलेली आहेत, रेडिओवर घाबरे आवाज येऊ लागतात आणि जॉन त्यांना उत्तर देतो. हे दृश्य चांगले आहे, आणि ते पाहताना टी-एक्सची आठवणही होत नाही.