पदकप्राप्त चित्रपट आणि घरचा पडदा

जुन्या मराठी बोलपटांचे चाहते संख्येने थोडे असले, तरी वादात ते कोणास हार जाणारे नव्हेत. राष्ट्रीय पुरस्कारांची यादी प्रसिद्ध झाली, की त्यांच्याकडून दोन तक्रारी हटकून ऐकू येतात. यंदाचे पदक अपात्री पडले, ही पहिली. आणि पूर्वी ज्यांस पदके मिळाली ते चित्रपट दूरचित्रवाणीवर धडपणे पाहावयास मिळत नाहीत, ही दुसरी. पहिल्या तक्रारीचा निकाल कधीच लागावयाचा नाही. दुसरी मात्र विचार करण्याजोगी आहे. किंबहुना ती दूर झाल्यावाचून पहिलीवर बोलण्याचा अधिकार तरी कोणास पोहोचतो, असा आमचा प्रश्न आहे.

१९५४ सालचेच उदाहरण घ्यावे. आदल्या वर्षाच्या चित्रपटांकरिता राष्ट्रपतींचे सुवर्णपदक तेव्हा प्रथमच देण्यात आले, व ते आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’स मिळाले. बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’ला प्रशस्तिपत्रावर समाधान मानावे लागले. सत्तर वर्षे उलटली, तरी हा निर्णय रसिकांच्या बैठकीत पुनःपुन्हा उकरून काढला जातो. अत्र्यांचा पक्ष घेणारे अभिमानाने बोलतात. विरुद्ध पक्ष म्हणतो, की ते पदक चित्रपटास नसून १९५० साली निवर्तलेल्या साने गुरुजींच्या स्मृतीस वाहिलेले फूल होय. आमचे मत विचाराल, तर रचनेच्या दृष्टीने ‘दो बिघा जमीन’ निःसंशय सरस आहे. सावकाराच्या एका आकड्यातून निघालेले ते कथानक शेतकऱ्यास कलकत्त्याच्या रस्त्यावर रिक्षा ओढावयास लावते, आणि शेवटपर्यंत कोठेही सैल पडत नाही. उलट ‘श्यामची आई’ हे मूळ पुस्तकच एकेका रात्री सांगितलेल्या गोष्टींचे. अत्र्यांनी ती मण्यांची माळ तशीच ठेवली. परंतु वनमालाबाईंचे काम पाहावे! १९४१ च्या ‘सिकंदर’मधील ही रुख्साना बारा वर्षांनी कोकणातल्या दरिद्री घरची माउली होते, आणि तिच्या एकाच मुद्रेवर कठोरपणा व माया अशा नांदतात, की रचनेचे दोष काढीत बसलेला टीकाकारही क्षणभर गप्प बसतो.

असे मत बनवावयाचे, तर चित्रपट अथपासून इतिपर्यंत एका बैठकीत पाहावा लागतो, आणि येथेच अडते. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे शनिवारच्या मराठी चित्रपटासाठी शेजारीपाजारी एका घरी जमू लागले. मोहोळच्या बाजूस हे सुख पोहोचण्यास बरीच वर्षे जावी लागली. त्या काळी निवडीस वावच नव्हता. जे लागेल ते पाहावयाचे. पण त्यामुळेच ‘शेजारी’सारखा चित्रपट आजोबा आणि नातू यांनी मिळून पाहिला. आता वाहिन्या उदंड झाल्या आणि चित्रपटाचे तुकडे पडले. ऐन रसभंगाच्या जागी साबणाची जाहिरात येते. श्रेयनामावली तर बहुधा कापलेलीच असते.

याहून सूक्ष्म अन्याय पंचांगाचा आहे. आषाढी जवळ आली, की ‘संत तुकाराम’. शिवजयंतीस भालजी पेंढारकर. आईचा दिवस आला, की ‘श्यामची आई’. यात काहीच वाईट नाही, असे म्हणणाऱ्यांशी आम्ही अर्धे सहमत आहोत. मोहोळहून पंढरपूर लांब नाही. वारीच्या दिवसांत पागनिसांचा तुकाराम पाहून हात जोडणारी माणसे आम्ही पाहिली आहेत, व त्यांच्या भावनेस कमी लेखण्याची आमची इच्छा नाही. परंतु १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात ‘संत तुकारामा’चा जो गौरव झाला, तो एकादशी होती म्हणून झाला नाही. दामले आणि फत्तेलाल यांनी तुकोबांच्या विदेही भक्तीसमोर गौरीबाईंची जिजाई उभी केली. पोरांच्या भुकेचा हिशेब मागणारी ही बाई चित्रपटास जमिनीवर ठेवते. हात जोडलेल्या प्रेक्षकास नेमकी तीच दिसत नाही. शिवाय ज्यांस तिथीच नाही, त्यांनी काय करावे? एक पोलीस शिपाई आणि एक वेश्या यांची कथा सांगणारा शांतारामबापूंचा ‘माणूस’ (१९३९) कोणत्या सणास दाखवावयाचा?

श्रेयनामावली कापण्याचा परिणामही किरकोळ नव्हे. ‘संत तुकाराम’साठी शांताराम आठवले यांनी लिहिलेले एक पद इतके अस्सल उतरले, की जाणत्यांनीही ते गाथेतलेच मानले. कवीस याहून मोठे प्रशस्तिपत्र नाही, हे खरे. पण त्या कवीचे नाव पडद्यावर येण्यापूर्वीच कात्री लागली, तर नव्या पिढीस ते कळावे कसे?

अमेरिकेत १९९४ साली ‘टर्नर क्लासिक मूव्हीज’ नावाची वाहिनी निघाली. तेथे जुने चित्रपट जाहिरातींचा व्यत्यय न आणता दाखवितात. ऑस्करचा हंगाम आला, की पूर्वी ती पारितोषिके मिळविलेल्या वा त्यांच्या स्पर्धेत उतरलेल्या चित्रपटांची महिनाभर रांग लागते. २०१७ साली वारलेले रॉबर्ट ऑस्बोर्न तेथे वर्षानुवर्षे चित्रपटाच्या आधी दोन गोष्टी सांगत व शेवटी पुन्हा दोन. कोणी केले, कसे केले, कोणते पारितोषिक हुकले, एवढेच. २०२३ साली या वाहिनीच्या चालकांना कामावरून दूर करण्यात आले, तेव्हा स्कोर्सेसी व स्पीलबर्ग यांच्यासारखे दिग्दर्शक तिच्या रक्षणासाठी धावले. कीर्तनाची परंपरा असलेल्या आम्हांस हे काही परके वाटू नये. पूर्वरंगावाचून आख्यान लावणारा बुवा आमच्या श्रोत्यांनी कधी खपवून घेतला होता?

आणि योग तर चालून आला होता. २०२३ साली सुजय डहाके यांनी ‘श्यामची आई’ पुन्हा पडद्यावर आणली, तीही कृष्णधवल. ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झालेल्या पुरस्कारांत ती सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरली. एकाच पुस्तकाचे दोन चित्रपट, दोन्ही सन्मानित. पहिला अखिल भारतात अव्वल, दुसरा मराठीत. लागोपाठच्या दोन रात्री ते लावले असते, तर घरोघरी समीक्षक निर्माण झाले असते. आमच्या पाहण्यात तरी तो योग आला नाही. मॅथ्यू अर्नोल्डने काव्याच्या परीक्षेसाठी थोरांच्या ओळी कसोटीच्या दगडासारख्या जवळ बाळगावयास सांगितले होते. आमचा दगड आम्ही कपाटात ठेवतो आणि पितळेस सोने म्हटले म्हणून परीक्षकांवर रागावतो.

कपाटही सुरक्षित नाही. २००३ साली पुण्यात, जुन्या प्रभातच्याच आवारात, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फितींच्या कोठारास आग लागून जुना ठेवा जळाला. तेव्हा जे उरले आहे ते दाखविण्यास फार मोठी सबब चालणार नाही. ‘श्यामची आई’नंतर तो सर्वोच्च मान मराठीस मिळण्यास ‘श्वास’पर्यंत पन्नास वर्षे लागली, मग ‘देऊळ’, ‘कोर्ट’, ‘कासव’ आले. पुरस्कार जाहीर होतात त्या आठवड्यात हे पाच चित्रपट पाच रात्री, नावांसकट आणि अखंड, लावावेत. सहाव्या रात्री ‘दो बिघा जमीन’ असावा. त्याची नवी, स्वच्छ केलेली प्रत २०२५ साली व्हेनिस येथे दाखविण्यात आली आहे. ती मिळाल्यास सत्तर वर्षांच्या त्या वादास नवे साक्षीदार तरी मिळतील.