मुठीवरचा ठसा, पात्यावरचा ठसा

बोटांच्या ठशांचा विषय वर्गात निघाला की हाताशी एखादी गोष्ट हवी. मार्क ट्वेन यांची १८९४ साली प्रसिद्ध झालेली ‘पडनहेड विल्सन’ ही कादंबरी त्यासाठी सोयीची आहे. खुनाचा खंजीर तिच्यात बडोद्याच्या गायकवाडांनी भेट दिलेला दाखवला आहे, म्हणजे मराठी मुलांना ती आणखीच जवळची वाटावी.

कथा थोडक्यात अशी. अमेरिकेतल्या एका लहान गावात न्यायाधीशाचा खून होतो. आळ येतो खंजिराच्या मालकावर आणि त्याच्या जुळ्या भावावर. मुठीवर रक्ताने उमटलेले ठसे या दोघांचे नाहीत, हे वकील विल्सन भर न्यायालयात दाखवून देतो. खरा खुनी सापडतो आणि पाळण्यात झालेली दोन मुलांची अदलाबदलही उघडकीला येते.

ट्वेन यांचा अभ्यास पक्का होता. विल्सन गावकऱ्यांना आधी केसांतून बोटे फिरवायला सांगतो आणि मग काचपट्टीवर ठसा घेतो. केसांतले तेल बोटांना लागावे हा हेतू. न्यायालयात तो पाठ फिरवून उभा राहतो, लोक खिडकीच्या काचेवर बोटे टेकवतात आणि कोणता ठसा कोणाचा हे तो ओळखून दाखवतो. स्वतःच्या पद्धतीची अशी उघड परीक्षा घेणारा नायक विज्ञानशिक्षकाला आवडलाच पाहिजे.

आमचा आक्षेप आहे तो खंजिराबद्दल. मूठ आरशासारख्या गुळगुळीत हस्तिदंताची आणि ठसा रक्ताचा! पांढऱ्यावर लाल ठसा कोणालाही दिसेल. तोच ठसा पोलादी पात्यावर, नुसत्या घामाचा असता तर? काचपट्टीवर ज्या अदृश्य थराचा ट्वेन यांनी इतका नेमका विचार केला, तो ऐन खुनाच्या प्रसंगी त्यांनी टाळला. त्यामुळे ठसा शोधण्याचे आणि उठवण्याचे कामच कथेतून गळून पडले.

धातू कागदासारखा घाम शोषत नाही. घाम आणि तेल वरच राहतात, म्हणून फडक्याने सहज पुसले जातात. पुसले नसतील तर बारीक भुकटी त्यांना चिकटते; सुपरग्लूची वाफ दिली तर कंगोऱ्यांवर पांढरा थर धरतो. पण झाडलेल्या काडतुसाच्या पितळी पुंगळीला उष्णता आणि घर्षण दोन्ही सोसावे लागतात. तिथे वेगळा मार्ग लागतो. घामातील क्लोराइडमुळे पितळ गंजते आणि कंगोऱ्यांची नक्षी धातूतच उतरते. इंग्लंडमधील नॉर्दॅम्प्टनशायर पोलीस दलातील जॉन बाँड यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत धातूला सुमारे अडीच हजार व्होल्टचा दाब देऊन कार्बनची भुकटी या गंजलेल्या रेषांवर बसवतात. ठसा धुऊन टाकलेला असला तरी तो असा दिसू शकतो. मात्र सर्वांच्या घामात मीठ सारखे नसते, त्यामुळे दर वेळी यश मिळेलच असे नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कादंबरीतला ठसा स्पष्ट आहे आणि विल्सन कधीच चुकत नाही. प्रत्यक्षात ठसा बहुधा अर्धवट आणि पुसट असतो. २००४ साली माद्रिदच्या बाँबस्फोटांनंतर डिटोनेटरच्या प्लॅस्टिक पिशवीवरील ठसा अमेरिकेच्या एफ.बी.आय.च्या तज्ज्ञांनी एका अमेरिकी वकिलाचा ठरवला. निरपराध माणसाला सुमारे दोन आठवडे कोठडीत काढावे लागले. स्पेनच्या पोलिसांनी तो ठसा दुसऱ्याचा असल्याचे दाखवल्यावर त्याची सुटका झाली. ठशांच्या तुलनेत चूक होतच नाही हा दावा शास्त्रीयदृष्ट्या टिकत नाही, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या २००९ च्या अहवालाने बजावले.

तेव्हा ही कादंबरी मुलांना जरूर सांगावी, पण सोबत एक प्रयोग द्यावा. पितळेचा तांब्या चिंचेने लख्ख घासून कोरडा करावा, त्यावर घामट बोट टेकवावे आणि काही दिवस तसाच ठेवावा. मग साबणाने धुवावा. काय उरले? प्रत्येकाच्या बोटाचा डाग सारखाच पडला का? आणि त्या डागावरून बोट कोणाचे हे किती खात्रीने सांगता येईल? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देताना मुले अडखळली, तर धडा नीट पोचला असे समजायला हरकत नाही.