लवचीक संशोधन अधिछात्रवृत्ती : डोरोथी हॉजकिन योजनेच्या निमित्ताने एक चिकित्सा

प्रस्तावना :

विज्ञानसंशोधनाच्या क्षेत्रात पीएच.डी. नंतरची आठ-दहा वर्षे निर्णायक मानली जातात. संशोधकाचा स्वतंत्र विषय याच काळात ठरतो, त्याच्या नावाचे शोधनिबंध याच काळात मोजले जातात आणि कायम स्वरूपाचे पद मिळते किंवा हुकते तेही याच काळात. नेमक्या याच वयात घरात मुले जन्माला येतात, आईवडील थकू लागतात आणि क्वचित स्वतःचे शरीरही साथ सोडते. या दोन वेळापत्रकांचा संघर्ष हा योगायोग नव्हे. आधुनिक संशोधनव्यवस्था ज्या संशोधकाला गृहीत धरून उभी राहिली, त्याच्या घरी सांभाळणारे दुसरे कोणीतरी असणारच, असे तिने मानले होते.

या संघर्षावर तोडगा म्हणून ब्रिटनच्या रॉयल सोसायटीने १९९५ मध्ये 'डोरोथी हॉजकिन फेलोशिप' सुरू केली. प्रस्तुत लेखात या योजनेमागील लवचीकतेच्या कल्पनेची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. योजना उपयुक्त आहे, याबद्दल वाद नाही. वाद असलाच तर तो एवढाच की, लवचीक नेमके कोणी व्हायचे, संशोधकाने की प्रयोगशाळेने ?

योजनेचे स्वरूप :

सदर फेलोशिप कारकिर्दीच्या प्रारंभीच्या टप्प्यावरील वैज्ञानिकांसाठी आहे. मुलांचे संगोपन, कुटुंबातील कोणाची शुश्रूषा किंवा स्वतःचे आरोग्य या कारणांमुळे ज्यांना कामाच्या वेळांत सवलत हवी आहे, त्यांना ती मिळते. संशोधक अर्धवेळ काम करू शकतो आणि परिस्थिती बदलली की पूर्णवेळ कामाकडे वळू शकतो. प्रारंभी चार वर्षांची असलेली मुदत पुढे वाढत गेली. स्त्रियांनी अर्ज करावेत असे आवाहन केले जात असले तरी योजना पुरुषांनाही खुली आहे. ही शेवटची बाब वरवर किरकोळ वाटते. परंतु शुश्रूषा हे केवळ स्त्रीचे काम नव्हे, ही मान्यता तिच्यात दडलेली आहे. आरोग्याचे कारण संगोपनाच्या बरोबरीने ठेवणे हाही या योजनेचा विशेष मानावा लागेल.

नाव आणि वास्तव :

योजनेला दिलेले नाव मात्र अधिक विचार करायला लावणारे आहे. डोरोथी हॉजकिन (१९१०-१९९४) यांनी क्ष-किरण स्फटिकशास्त्राच्या साहाय्याने पेनिसिलिन आणि जीवनसत्त्व ब-१२ यांची रेणूरचना उलगडली. त्यांना १९६४ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा काही ब्रिटिश वृत्तपत्रांना त्या प्रथम 'गृहिणी' दिसल्या आणि नंतर शास्त्रज्ञ. १९३८ च्या अखेरीस पहिल्या अपत्याच्या जन्मानंतर वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्यांना तीव्र स्वरूपाच्या संधिवाताने गाठले. हातापायांची बोटे कायमची वाकली. उपचारानंतर त्या प्रयोगशाळेत परतल्या तेव्हा क्ष-किरण यंत्राचा मुख्य स्विच ओढण्याइतकी शक्ती हातांत उरली नव्हती. त्यांनी त्या स्विचसाठी एक लांब दांडा करवून घेतला आणि काम पुढे चालू ठेवले.

हा दांडा या संपूर्ण विषयाचे मर्म सांगतो. हॉजकिन यांनी आठवड्याचे तास कमी करून घेतले नाहीत. यंत्र बदलून घेतले. अडचण त्यांच्या बोटांत जेवढी होती तेवढीच ती स्विचच्या रचनेतही होती, हे त्यांनी ओळखले. प्रचलित लवचीक फेलोशिपा मात्र बहुतांशी याच्या उलट मार्गाने जातात. त्या व्यक्तीचे तास बदलतात, स्विच तसाच ठेवतात. सायंकाळी सहानंतरच्या बैठका आणि अपरिहार्य मानली गेलेली परदेशवारी तशीच राहते. पदाच्या निवडीत 'गेल्या पाच वर्षांत काय केले' हा प्रश्नही तसाच राहतो.

हॉजकिन यांच्या यशाची दुसरी बाजूही झाकून ठेवता येणार नाही. त्यांना तीन अपत्ये होती. पती थॉमस हे प्रौढशिक्षणाच्या कामासाठी युद्धकाळात दूर राहत आणि आठवड्याच्या शेवटी घरी येत. घर चालले ते पगारी मदतनीस स्त्रियांच्या बळावर. पुढे बहिणीच्या मोठ्या कुटुंबासह त्यांनी एकत्र घर केले, म्हणजे एका अर्थी ते एकत्र कुटुंबच झाले. ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजने त्यांना पगारी प्रसूतिरजाही दिली. ज्या सवलतींचे आज योजनेत रूपांतर झाले आहे, त्या हॉजकिन यांना वर्ग, ओळख आणि एका स्त्री-महाविद्यालयाचा समजूतदारपणा यांतून मिळाल्या होत्या. त्यामुळे 'हॉजकिन यांना जमले, मग इतरांना का नाही' हा त्यांच्या नावातून नकळत निघणारा ध्वनी अन्यायकारक ठरतो. किंबहुना त्यांचे चरित्र नीट वाचले तर ते एकट्या व्यक्तीच्या जिद्दीचे उदाहरण न राहता आधाराच्या दाट विणीचे उदाहरण ठरते.

याच परंपरेतील कॅथलीन लॉन्सडेल (१९०३-१९७१) यांचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. बेंझीनचे वलय सपाट असते, हे १९२९ मध्ये क्ष-किरणांच्या आधारे दाखविणाऱ्या या शास्त्रज्ञ लहान मुलांमुळे घरी बसून आकडेमोड करीत राहिल्या. तेव्हा विल्यम हेन्री ब्रॅग यांनी घरकामासाठी बाई ठेवता यावी म्हणून पैशाची तजवीज केली आणि लॉन्सडेल रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेत परतल्या. १९४५ मध्ये रॉयल सोसायटीने प्रथमच दोन स्त्रियांना सदस्यत्व दिले. त्यांपैकी एक लॉन्सडेल होत्या, दुसऱ्या मार्जरी स्टीफन्सन. ब्रॅग यांचा उपाय आजच्या अनेक योजनांहून धीट वाटतो. त्यांनी संशोधिकेला अर्धे काम करण्याची परवानगी दिली नाही, घरातील कामाचा खर्च हा संशोधनाचाच खर्च मानला. अर्थात ती मर्जी होती, हक्क नव्हता. ब्रॅग यांच्यासारखा प्रमुख ज्यांना लाभला नाही, त्यांची नावे विज्ञानाच्या इतिहासात शोधूनही सापडणार नाहीत.

मर्जीला नियमाचे रूप देण्याचा एक प्रयत्न जर्मनीत झाला. १९९५ च्या नोबेल पारितोषिकाच्या मानकरी ख्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड यांनी २००४ मध्ये स्थापन केलेली संस्था लहान मुले असलेल्या तरुण संशोधिकांना घरकाम व बालसंगोपनाच्या मदतीसाठी दरमहा रक्कम देते. धुणीभांडी, स्वयंपाक, मुलांना सांभाळणे यांसाठी विज्ञानाच्या नावाने पैसा देणे अनेकांना खटकेल. भारतीय वाचकाच्या मनात आणखी एक प्रश्न येणे स्वाभाविक आहे : त्या मदतनीस स्त्रीची मुले कोण सांभाळते ? हा प्रश्न या योजनेच्या चौकटीबाहेरचा असला तरी निरर्थक नाही.

वेगळ्या दाराचा धोका :

रॉयल सोसायटीची 'युनिव्हर्सिटी रिसर्च फेलोशिप' ही १९८३ पासूनची मुख्य आणि अधिक प्रतिष्ठेची योजना. २०१४ मध्ये या योजनेत निवडलेल्या ४३ जणांत केवळ दोन स्त्रिया होत्या. त्यावरून टीका झाली आणि सोसायटीचे तत्कालीन अध्यक्ष पॉल नर्स यांनी चौकशी जाहीर केली. त्या एका वर्षाच्या आकड्यावरून मोठा सिद्धान्त मांडणे योग्य होणार नाही. तरीही एक शंका घेण्यास जागा आहे. गरजवंतांसाठी बाजूचे दार उघडले की मुख्य दाराची चौकट रुंद करण्याची निकड कमी होते. सल्ला देणारे मार्गदर्शकही 'तुमच्यासाठी ती दुसरी योजना आहे' असे सहज म्हणू लागतात. सवलत आणि प्रतिष्ठा यांची फारकत झाली की सवलत घेणारा दुय्यम ठरतो. मुख्य योजनेतही अर्धवेळ कामाची व रजेची मुभा असली तरी मुभा असणे आणि ती निःसंकोच घेता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आजारपणाच्या बाबतीत हा संकोच अधिकच जाणवतो. मूल दिसते, वाढते, शाळेत जाते. त्याच्या संगोपनाचा काळ साधारण सांगता येतो. संधिवात, मानसिक आजार किंवा दीर्घ थकव्याचे विकार यांना असे वेळापत्रक नसते. चार महिने बरे जातात, पाचवा अंथरुणात जातो. आठवड्याचे ठराविक तास कमी करणारी लवचीकता अशा रुग्णाच्या फारशी उपयोगी पडत नाही. शिवाय सवलतीची गरज अर्जातच मांडावी लागते. ज्यांच्यासमोर आपली बौद्धिक क्षमता सिद्ध करायची त्यांच्याच व्यवस्थेसमोर आपल्या शरीराची दुर्बलताही मांडायची, ही अवघड कसरत आहे. अर्धवेळ कामाचाही प्रश्न आहेच. वेतन निम्मे होते. प्रतिस्पर्ध्यांचा वेग निम्मा होत नाही. परिणामी निम्म्या वेतनात पूर्ण काम, अशी स्थिती उद्भवण्याची शक्यता नाकारता येत नाही.

येथे हॉजकिन यांच्याकडे पुन्हा वळावे लागते. इन्सुलिनचे स्फटिक त्यांच्या हाती १९३४ मध्ये आले आणि त्याची रचना १९६९ मध्ये पूर्णपणे उलगडली. या पस्तीस वर्षांत तीन बाळंतपणे, एक महायुद्ध, न सुटणारा संधिवात आणि मधल्या काळातील इतर शोध येऊन गेले. इन्सुलिनच्या अखेरच्या टप्प्यातील त्यांच्या चमूत एम. विजयन हे भारतीय स्फटिकशास्त्रज्ञ होते, ज्यांनी पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत दीर्घकाळ कार्य केले. मुदतीच्या चौकटीत मोजणारी निवडसमिती १९३९ मध्ये बसली असती तर इन्सुलिनच्या विषयावर तिने कोणता शेरा मारला असता, याची कल्पना करणे कठीण नाही.

भारतीय संदर्भ :

आपल्याकडे विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००२-०३ मध्ये महिला वैज्ञानिक योजना सुरू केली. कौटुंबिक कारणाने संशोधन सुटलेल्या स्त्रियांना परत आणणे हा तिचा हेतू होता. पुढे ती 'किरण' आणि 'वाइज-किरण' या नावांखाली आली व तिची फेररचना झाली. या योजनेने अनेक स्त्रियांना पुन्हा प्रयोगशाळेचे दार उघडून दिले. मात्र हॉजकिन योजनेशी तुलना केली असता एक मूलभूत फरक दिसून येतो. ब्रिटिश योजना काम सुटू नये म्हणून आहे. आपली योजना प्रामुख्याने काम सुटल्यानंतरची आहे. (ब्रिटनमध्येही खंडानंतर परतणाऱ्यांसाठी डॅफ्नी जॅक्सन यांच्या नावाने स्वतंत्र फेलोशिप आहे, पण ती हॉजकिन योजनेच्या जोडीला आहे, तिच्याऐवजी नाही.) शिवाय आपल्याकडे गरजेचा निकष व्यक्तीच्या परिस्थितीवरून न ठरता लिंगावरून ठरतो. त्यामुळे सासूबाईंच्या आजारपणात संशोधन सोडणारी सून योजनेला दिसते. वृद्ध आईची शुश्रूषा करणारा एकुलता एक मुलगा दिसत नाही. त्याने ती करावी अशी अपेक्षाच नसल्याने ती सुनेच्याच पदरात पडते, हा त्याचा अप्रत्यक्ष परिणाम.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या विनियमांनी स्त्रियांना व चाळीस टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या संशोधकांना पीएच.डी. साठी दोन वर्षांची वाढीव मुदत दिली, तसेच स्त्रियांना २४० दिवसांपर्यंतची प्रसूती अथवा बालसंगोपन रजा मान्य केली. स्वागतार्ह अशा या तरतुदीत दिव्यांगत्वाचा आधार प्रमाणपत्रावरील टक्केवारी हाच आहे. संधिवाताच्या पहिल्याच वर्षी, बोटे वाकू लागलेली असताना पण प्रमाणपत्र हाती आलेले नसताना, संशोधकाने कोणाकडे जावे याचे उत्तर त्या तरतुदीत नाही. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत तर प्रश्न याहून साधा असतो : पहिल्या मजल्यावरील उपकरणापर्यंत पोहोचण्यासाठी जिना आहे, उद्वाहक नाही.