ग्राहकाची ओळख कोणी पटवायची? पेपॉलचा केवायसी नियम वाचताना

सुरक्षिततेवर संशोधन करायचं म्हटलं की बहुतेक विद्यार्थी एन्क्रिप्शनपासून सुरुवात करतात. त्याआधी एक काम करून बघा. एखाद्या नेटवर्कची नियमावली घ्या आणि प्रत्येक नियमाला विचारा: ही गोष्ट नक्की कोणाला माहीत आहे, आणि कोण ती नुसती मानून चाललंय? आज याच पद्धतीने पेपॉलमधला ग्राहकाची ओळख पटवण्याचा, म्हणजे केवायसीचा, नियम तपासू.

पेपॉल हे कंपन्यांनी एकमेकींना इनव्हॉइस, ऑर्डर अशी कागदपत्रं इलेक्ट्रॉनिक रूपात पाठवण्याचं नेटवर्क आहे. २००८ मध्ये युरोपीय प्रकल्प म्हणून ते सुरू झालं. २०१२ पासून ओपनपेपॉल ही ब्रसेल्समधली ना-नफा संस्था ते सांभाळते. आता सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडही त्यात आहेत. बेल्जियममध्ये १ जानेवारी २०२६ पासून कंपन्यांमधले इनव्हॉइस इलेक्ट्रॉनिकच हवेत, आणि त्यासाठीचा मुख्य रस्ता पेपॉलच आहे.

याची रचना चार कोपऱ्यांची. विक्रेता पहिला कोपरा, त्याचा सेवा पुरवठादार दुसरा, खरेदीदाराचा पुरवठादार तिसरा आणि खरेदीदार चौथा. दुसरा आणि तिसरा कोपरा एकमेकांना डिजिटल प्रमाणपत्रावरून ओळखतात. पण हे प्रमाणपत्र पुरवठादाराचं असतं, विक्रेत्याचं नाही. कुरियरवाल्याचं ओळखपत्र खरं निघालं म्हणून पाकिटावर ज्याचं नाव आहे त्यानेच ते पाठवलं असं ठरत नाही. ही फट बुजवण्यासाठी नियम आहे: पुरवठादाराने आपल्या ग्राहकाची ओळख पटवली पाहिजे, आणि मध्ये एजंट किंवा सॉफ्टवेअर विकणारा भागीदार असला तरी जबाबदारी पुरवठादाराचीच.

नियमाची ही बाजू भक्कम आहे. 'ते आमच्या एजंटचं काम होतं' असं म्हणून हात झटकता येत नाहीत. तरीही मला यात तीन अडचणी दिसतात.

पहिली: ओळख पटवल्याची माहिती दुसऱ्या कोपऱ्यातच राहते. निरोपाबरोबर पुढे जातो तो फक्त पाठवणाऱ्याचा क्रमांक. बेल्जियमच्या कंपनीसाठी तो ०२०८ या संकेतांकाने सुरू होतो आणि पुढे कंपनीचा दहा आकडी नोंदणी क्रमांक येतो. हा क्रमांक सार्वजनिक नोंदवहीत कोणालाही सापडतो, म्हणजे तो माहीत असण्याने काहीच सिद्ध होत नाही. शिवाय नेटवर्कची पत्ता-यंत्रणा आहे ती कागदपत्रं स्वीकारणाऱ्यांसाठी. फक्त पाठवायचं असेल तर तिथे नोंद लागतच नाही. म्हणजे विक्रेता खरा आहे की नाही याबाबत खरेदीदाराच्या हातात दुसऱ्या कोपऱ्याच्या शब्दाशिवाय काही नाही.

दुसरी: 'ओळख पटवणे' या एका शब्दात तीन प्रश्न दडलेत. कंपनी अस्तित्वात आहे का? समोरची व्यक्ती तिच्या वतीने खातं उघडू शकते का? आणि दोन्ही उत्तरं आजही तीच आहेत का? पहिल्याचं उत्तर नोंदवही लगेच देते, म्हणून सगळे तिथेच थांबण्याचा धोका असतो. फसवणूक मात्र दुसऱ्यात आणि तिसऱ्यात होते: खऱ्या कंपनीचं नाव, दुसऱ्याच माणसाचं खातं आणि बदललेला बँक क्रमांक.

तिसरी अडचण पैशांची. तपासणीचा खर्च दुसऱ्या कोपऱ्याला, पण खोट्या इनव्हॉइसचे पैसे भरून बसतो तो चौथा. रॉस अँडरसन यांनी २००१ च्या निबंधात हेच मांडलं होतं: ज्याने राखण करायची त्याला नुकसान सोसावं लागत नसेल, तर राखण ढिली पडते. त्यात जो दहा मिनिटांत खातं उघडून देतो त्याच्याकडे ग्राहक जास्त जाणार, हे ओघानेच आलं.

एक ढिला दरवाजा सगळ्यांना महागात पडतो, याचं उदाहरण वेबच्या प्रमाणपत्रांत आहे. २०११ मध्ये डिजिनोटार या डच संस्थेत घुसखोरी झाली, खोटी प्रमाणपत्रं निघाली आणि संस्थेचं दिवाळं वाजलं. त्यानंतर, २०१३ मध्ये, दिलेलं प्रत्येक प्रमाणपत्र उघड नोंदवहीत लिहिण्याची पद्धत मांडली गेली. 'नीट काम करा' असं बजावण्यापेक्षा केलेलं काम इतरांना दिसेल अशी सोय करणं जास्त उपयोगी ठरलं.

तुम्ही म्हणाल, मग आपल्या जीएसटीसारखं सगळं एका सरकारी पोर्टलवर आणा. आपल्याकडे ठरावीक उलाढालीच्या वरच्या कंपन्यांचा ई-इनव्हॉइस पोर्टलवर नोंदला जातो आणि त्याला सही केलेला क्यूआर कोड मिळतो. पण जीएसटी नोंदणीच बनावट असेल तर? १६ मे ते १५ जुलै २०२३ या काळात बनावट नोंदण्या शोधायला देशभर मोहीम काढावी लागली, ती याचमुळे. रचना एककेंद्री असो वा चार कोपऱ्यांची, दारावरची तपासणी कोणाला तरी करावीच लागते.

माझ्या मते नियमात भर हवी ती अशी: तपासणी कोणत्या पातळीची आणि कधी झाली, एवढं तरी पुरवठादाराच्या सहीने इनव्हॉइससोबत जावं. पातळ्या नव्याने शोधायची गरज नाही. युरोपच्या २०१४ च्या इलेक्ट्रॉनिक ओळखीच्या कायद्यात कमी, भरीव आणि उच्च अशा तीन आहेतच. ओळखपत्रांच्या प्रती मात्र पुढे जाऊ नयेत, नाहीतर गोपनीयतेचा नवाच प्रश्न उभा राहील.

विषय शोधत असाल तर इथे बरंच काम बाकी आहे: अशी पातळी दिसली तर खरेदीदार खरंच वेगळा वागेल का? लहान पुरवठादाराला खर्च झेपेल का? सुरुवातीला एक साधा तक्ता करा. चार कोपरे, आणि प्रत्येकासमोर तीन रकाने: काय माहीत आहे, काय मानलं आहे, चुकलं तर नुकसान कोणाचं. दुसरा आणि तिसरा रकाना जिथे एकाच ओळीत भरतात, तिथे तुमचा संशोधनाचा प्रश्न आहे.